निळं झालं का

ब्रनोहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच.
मी तो बादल्यांत कालवतो:
गाळलेलं पाणी, मीठ, रात्रभर फिरणारा पंप,
आणि पाचव्या मजल्यावर, सोफ्याच्या जागी,
साडेतीनशे लिटर समुद्र उभा राहतो.
चौथ्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की
एवढंच विचारतात: फुटला तर?

दर रविवारी मॅग्नेशियम.
नळीत दोन मिली पाणी, सहा थेंब, चिमूटभर पावडर.
हलवलं की म्हणे गुलाबी होतं.
मग सिरिंज. थेंब. थेंब.
आणि कुठल्यातरी एका थेंबाला
म्हणे निळं.

म्हणे,
कारण मला ते दोन्ही सारखेच दिसतात,
पुसलेल्या पाटीसारखे.
विसाव्या वर्षी रेल्वेच्या डॉक्टरने
ठिपक्यांचं पुस्तक उघडलं, विचारलं, काय दिसतं?
ठिपके, मी म्हटलं. छान आहेत.
इंजिन मिळालं नाही.
कोठारात स्टूल मिळालं, चौतीस वर्षं
बोल्ट मोजायला.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरची खुए.
नऊ वर्षांची. खाली तिच्या आईबापाचं किराणा दुकान.
तिचा मोबदला ठरलेला: दर वेळी
एका गोगलगायीला नाव ठेवायचा हक्क.
(मला नावं ठेवायचा हक्क
तिने न विचारताच घेतलाय.)
ती नळीकडे बघते, मी तिच्या भुवयांकडे.
भुवया जवळ आल्या: अजून गुलाबी.
एक वर गेली: जपून.
"थांबा!"
मी थांबतो, सिरिंजवरचा आकडा वाचतो,
तक्ता बघतो, वहीत लिहितो. तेराशे दहा.

मॅग्नेशियम तसं प्रवाळाची हाडं बांधत नाही.
हाडं कॅल्शियमची. पण कॅल्शियम आणि कार्बोनेट
एकमेकांना भेटले की जागच्या जागी
दगड होऊन बसतात, कुणाच्याच कामाचा नसलेला.
हे दोघांच्या मधे उभं राहतं.
खाल्ल्या मिठाला जागतं, बस्स.
मी आणि राडोवान बोलायला लागलो की
द्राहोमीरा अशीच टेबलावर मधोमध
सूपचं भांडं आणून ठेवायची.
ती आता ओलोमौत्सला, बहिणीकडे.
राडोवान फोन करतो. हवामान विचारतो.

जुलैत खुए आजीकडे गेली,
न्हा त्रांगला, जिथे समुद्र
कुणाला कालवावा लागत नाही.
मी एकट्याने चाचणी केली.
दिव्याखाली धरली, खिडकीत धरली,
पांढऱ्या बशीवर धरली.
थेंब. थेंब. कुठेच काही झालं नाही.
सिरिंज संपली. तक्ता म्हणाला, पंधराशे.
म्हटलं, फारच झालं.
डोस बंद केला. पाच आठवडे.
त्यात मीठही या वेळी स्वस्तातलं घेतलेलं.

आधी हीटर पांढरा झाला.
मग पंप कण्हू लागला, म्हाताऱ्यासारखा,
म्हणजे माझ्यासारखा.
मी कॅल्शियम ओतत राहिलो
आणि ते काचेवर, नळीवर, सगळीकडे बसत राहिलं,
प्रवाळ सोडून.
जांभळं म्हणून विकत घेतलेलं एक प्रवाळ
टोकाला फिकं पडलं. फिकं मला कळतं.

ऑगस्टच्या शेवटी ती आली, काळवंडून, उंच होऊन.
दप्तरही न ठेवता नळीपाशी वाकली.
मी अर्धी सिरिंजही सोडली नव्हती.
"कधीच निळं झालंय. तुम्ही काय करत होतात?"
अकराशे चाळीस.

एकदम वाढवायचं नाही.
दिवसाला पन्नास, त्याहून जास्त नाही,
चार दिवस, चार पेले, पंपाच्या तोंडाशी हळूहळू.
तिला हे पटलं नाही. "सगळं एकदम का नाही?"
मी म्हटलं, सवय मोडलेली असते त्यांची.

तेवढ्यात करायचं काय, तर आम्ही हीटर काढला,
थंड होऊ दिला, व्हिनेगरमध्ये बुडवला.
पांढरी खपली फसफसायला लागली.
खुएने बादलीला कान लावला,
मग मलाही वाकायला लावलं,
गुडघे करकरले तरी.

"हे तर ऐकू येतं ना?"

येतं, मी म्हटलं.
"कसं येतं?"
बराच वेळ ऐकून मी सांगायला लागलो.